वरून टक्कल, खाली जटा : झेब्रिनाचं काय करायचं?

कर्वेनगरच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा : "जानेवारीत फुलांच्या प्रदर्शनातून जांभळ्या-चंदेरी पट्ट्यांची लोंबती वेल आणली. हॉलमध्ये दक्षिणेच्या खिडकीशेजारी, छताच्या हुकाला टांगली. दीड महिना दृष्ट लागावी अशी होती. आता एप्रिलमध्ये कुंडीजवळच्या सगळ्या काड्या उघड्या पडल्यात, पानं फक्त खालच्या टोकांना. नवीन पानं लहान, हिरवट, काहींची टोकं करपलेली. पाणी रोज घालते. खत कोणतं देऊ?"

ताई, खत कुठलंच देऊ नका. निदान पुढचे दोन महिने तरी. तुमच्या वेलीला भूक लागलेली नाही, तिला उजेड दिसत नाहीये. तुम्ही खताबद्दल विचारलंत, पण खरे प्रश्न दोन आहेत : जानेवारीत चालली ती जागा एप्रिलमध्ये का चालेना, आणि उघड्या पडलेल्या काड्यांना पुन्हा पानं फुटतील का. दुसऱ्याचं उत्तर आधी सांगून टाकते. तशाच ठेवल्या तर फुटणार नाहीत. कापून पुन्हा लावल्या तर महिन्या-दीड महिन्यात कुंडी भरेल.

मी बावीस वर्षं रोपवाटिका चालवते आणि लोकांच्या घरांतली, ऑफिसांतली झाडं सांभाळते. या वेलीने मला जेवढं तोंडघशी पाडलंय तेवढं ऑर्किडनेही पाडलं नसेल, कारण ती सोपी म्हणून विकली जाते आणि आपणही तिला सोपी समजतो.

वर्णनावरून तुमची वेल ट्रेडेस्कॅन्शिया झेब्रिना वाटते. पानाच्या वरच्या बाजूला दोन चंदेरी पट्टे, खालची बाजू गडद वांगी रंगाची. नर्सरीत अजून 'वाँडरिंग ज्यू' म्हणतात. त्या नावामागे ज्यू लोकांना हिणवणारी जुनी दंतकथा आहे, म्हणून हल्ली बरेच जण ते टाळतात. मी सरळ झेब्रिना म्हणते. तिचं मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, पण तिचं गणगोत आपल्या ओळखीचं आहे. पावसाळ्यात शेताच्या बांधावर माजणारा केना तिच्याच कुळातला. आणि अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलं असेल, तर जांभळ्या पानाची साल सोलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेलं ते ऱ्हिओ, तेही तिचं अगदी जवळचं भावंड.

केन्याची आठवण उगाच काढली नाही. शेतकऱ्याला विचारा, केना उपटून बांधावर फेकला तरी ओल मिळताच प्रत्येक पेराला मुळं फोडून पुन्हा उभा राहतो. झेब्रिनाचा स्वभाव तोच. जमिनीवर पसरत जायचं, पेरापेराला मुळं धरायची, पुढे सरकायचं, मागचं सोडून द्यायचं. जंगलात मागचा भाग उघडा पडला तर कुणाला दिसत नाही, कारण वेल तोवर चार हात पुढे गेलेली असते. आपण तिला कुंडीत लावून हवेत टांगतो, मग तिचं सोडून दिलेलं 'मागे' बरोबर आपल्या डोळ्यांसमोर येतं. म्हणजे थोडं टक्कल ठरलेलंच असतं. पण ते वर्षभराने पडायला हवं. तुमच्याकडे तीन महिन्यांत पडलं, याचं कारण उजेड.

आता जानेवारी आणि एप्रिलचा फरक. पुणे साडेअठरा अक्षांशावर आहे. जानेवारीत भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, क्षितिजापासून साधारण ५० अंशांवर. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन छज्ज्याखालून आत शिरतं आणि चांगलं हॉलच्या फरशीपर्यंत पोचतं. एप्रिलच्या मध्याला तोच सूर्य ८० अंशांपर्यंत चढलेला असतो, जवळजवळ डोक्यावर. छज्जा त्याला पूर्ण अडवतो. १३-१४ मेच्या सुमारास तर पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तिथून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे तुमच्या खिडकीत आता थेट ऊन शिरत नाही, ते परतायला सप्टेंबर-ऑक्टोबर उजाडेल. बाहेर रणरणतं ऊन आहे म्हणून घरातही भरपूर उजेड असेल असं आपल्याला वाटतं, पण दक्षिणेच्या खिडकीचं गणित उलटं चालतं. 'दक्षिणेची खिडकी सगळ्यात उजेडाची' हे इंटरनेटवर वाचलं असेल, तर ते लंडन-न्यूयॉर्कवाल्यांसाठी खरं आहे. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही.

दुसरी गोष्ट टांगण्याची उंची. खिडकीची वरची कड जमिनीपासून साधारण सात फुटांवर असते आणि छत साडेनऊ-दहा फुटांवर. छताच्या हुकाला आखूड साखळीने टांगलेली कुंडी बहुतेक वेळा खिडकीच्या वरच्या कडेच्याही वर जाते. उजेड खिडकीतून खाली तिरका उतरतो. तिथून वर, भिंतीच्या त्या पट्ट्यात, दिवसाढवळ्या संध्याकाळ असते. आपल्याला ते जाणवत नाही, कारण आपले डोळे फार चटकन जुळवून घेतात. झाडाला हिशेब चुकवता येत नाही. कुंडीजवळची पानं अंधारात, लोंबणारी टोकं खिडकीसमोर उजेडात. मग वेल साहजिकच वरची पानं सोडते आणि टोकं जपते. एक साधी परीक्षा आहे. दुपारी बाराला स्टुलावर चढा आणि कुंडीच्या तोंडाशी पांढरा कागद धरून त्यावर वीतभर वर हात धरा. हाताची सावली कडेपर्यंत स्पष्ट दिसली तर उजेड पुरेसा. धूसर ढग दिसला तर रंग टिकणार नाही. काहीच दिसलं नाही तर तिथे मनीप्लँटसुद्धा तोंड वाकडं करेल.

ही अक्कल मला पैसे मोजून आलेली आहे. पंधराएक वर्षांपूर्वी हिंजवडीतल्या एका ऑफिसात मी झेब्रिनाच्या ३० कुंड्या टांगल्या. एका ओळीत, छताला लागून, नकाशात दाखवल्या होत्या तशा. दोन महिन्यांत सगळ्यांना टक्कल. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समान असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) वाढवलं. त्याने झालं काय, दोन पेरांमधलं अंतर आणखी लांबलं, पानं आणखी हिरवी झाली. नत्र मिळालं आणि उजेड नाही मिळाला की वेल उजेड शोधायला नुसती पळत सुटते. दर महिन्याला गाडीभर नवी रोपं नेऊन बदलायची, असा तोट्याचा धंदा मी अर्धं वर्ष केला. मग एकदा पँट्रीत चहा घेताना पाहिलं तर खिडकीच्या ग्रिलला आमच्याच दोन कुंड्या, काळ्याभोर जांभळ्या, खच्चून भरलेल्या. त्यांचे हुक तुटले म्हणून तिथल्या सफाईच्या मावशींनी त्या सुतळीने ग्रिलला बांधल्या होत्या आणि कपात उरलेलं पाणी त्यांना घालत होत्या. खत शून्य. त्या दिवसापासून मी कुणाच्या घरी गेले की आधी खिडकी बघते, मग झाड.

रंगाचं कारणही हेच आहे. पानातला जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा. भरपूर उजेडात वेल ते जास्त बनवते. उजेड कमी झाला की ती त्यावरचा खर्च थांबवते आणि हरितद्रव्याला महत्त्व देते, म्हणून पानं हिरवट होतात. एकदा हिरवट झालेलं पान पहिल्यासारखं गडद होईल याची फारशी आशा धरू नका. जागा बदलल्यावर येणारी नवी पानं रंगीत येतील.

मग कुठे टांगायची? हे तुमच्या घरावर अवलंबून आहे, त्यामुळे छातीठोक सांगत नाही. पूर्वेची बाल्कनी किंवा खिडकी असेल तर डोळे मिटून तिथे. नऊ-साडेनऊपर्यंतचं कोवळं ऊन या वेलीला मानवतं. पश्चिमेची असेल तर पावसाळ्यात आणि हिवाळ्यात उत्तम, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनचं ऊन पानांवर कागदासारखे पांढरे डाग पाडतं. तिथे पातळ पडदा हवा, किंवा कुंडी दोन-अडीच फूट आत घ्या. उत्तरेकडे खुलं आकाश दिसत असेल तर उन्हाळ्यात तीही चालते. आणि फक्त दक्षिणच असेल तर कुंडी छतावरून उतरवून खिडकीच्या ग्रिलला, काचेच्या अगदी जवळ आणा. तीन फूट आत आणि काचेशी, यात उजेडाचा फरक कितीतरी पटींचा असतो. तुम्ही कितव्या मजल्यावर आहात, समोरची इमारत किती जवळ आहे, डासांची जाळी कायम ओढलेली असते का, काच काळी आहे का, यावरही बरंच ठरतं. धुळीने भरलेली जाळी किती उजेड खाते, हे ती धुतल्यावरच कळतं. जागा बदलताना एकदम उन्हात नेऊ नका, आठवडाभरात हळूहळू सरकवा.

हॉलमधला तो हुक रिकामा राहू नये असं वाटत असेल तर दोन कुंड्या करा आणि पाळी लावा. एक पंधरा दिवस आत, दुसरी बाल्कनीत, मग अदलाबदल. आमच्या बऱ्याच गिऱ्हाइकांकडे हेच चालतं. किंवा कुंडीच्या फूटभर वर पांढरी एलईडी ट्यूब लावा, रोज दहा-बारा तास. जांभळा प्रकाश देणारे महागडे 'ग्रो लाइट' लागत नाहीत, आणि हॉलला बारची कळाही येत नाही.

आता कापाकापी. तुमची वेल बघता यात हयगय नको. सगळ्या लोंबत्या फांद्या कुंडीपासून दोन बोटं ठेवून कापा. हो, सगळ्या. जीव तुटेल, पण कापा. पानं असलेल्या टोकांचे चार-चार इंचांचे तुकडे करा, प्रत्येकावर तीन-चार पेरं यायला हवीत. खालच्या एक-दोन पेरांची पानं काढा आणि ती पेरं मातीत जातील असे तुकडे खोचा. सहा इंची कुंडीत दहा-बारा तुकडे. नर्सरीत कुंडी गच्च दिसते ती याच कारणाने. ते एक रोप नसतं, डझनभर कटिंग एकत्र लावलेली असतात. लोक घरी दोन तुकडे लावतात आणि भरण्याची वाट बघत बसतात.

उघड्या काड्याही फेकू नका. त्यांच्या पेरांवर झोपलेले डोळे असतात. काडी हिरवी आणि टणक असेल तर मातीवर गोल वेटोळं घालून आडवी ठेवा आणि केसांच्या आकड्याने जागोजाग दाबा. पेर मातीला टेकलं पाहिजे. पंधरा दिवसांत तिथून कोंब येतात आणि कुंडीचं डोकं भरतं. टकलावर केस लावायचा हा एकमेव उपाय मला माहीत आहे.

'उन्हाळ्यात कटिंग लावू नये' असं आमचे माळीकाका म्हणतात. बाहेरच्या बागेसाठी ते बरोबर आहेत. घरात, थेट ऊन टाळून, माती ओलसर ठेवली तर एप्रिलमध्ये आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. डिसेंबरच्या थंडीत त्याला दुप्पट वेळ लागतो. पाण्याच्या ग्लासात ठेवूनही मुळं फुटतात, मुलांना बघायला मजा येते, पण पाण्यातली मुळं मातीत गेल्यावर थोडी रुसतात. मी सरळ मातीतच लावते. नवीन फुटव्याला तीन-चार पानं आली की शेंडा खुडा, एकाच्या दोन फांद्या होतील. हे दर महिन्या-दोन महिन्यांनी करत राहायचं, आणि साधारण वर्षाने सगळी कुंडी अशीच मोडून नव्याने लावायची.

कापताना हातमोजे घाला. हिच्या चिकाने काहींच्या हाताला खाज येते, माझ्या मनगटावर दरवेळी पुरळ उठतं. घरात कुत्रा-मांजर असेल तर त्यांच्या तोंडापासूनही लांब ठेवा. आणि केन्याची भजी होतात म्हणून हिची करून बघू नका. उरलेले तुकडे ओल्या कचऱ्यात जाऊ देत, टेकडीवर टाकू नका. ही वेल परदेशांत कितीतरी ठिकाणी जंगलात माजून बसली आहे, आपल्या टेकड्यांना आधीच घाणेरी पुरेशी आहे.

पाण्याबद्दल. रोज पाणी हा नियम कॅलेंडर बघून केलेला असतो, कुंडी बघून नाही. अंधाऱ्या जागी वेल पाणी कमी पिते, त्यामुळे रोजच्या पाण्याने मुळं सडतात. बुडाशी काडी काळी, मऊ झाली असेल तर ते हेच. असे भाग कटिंगला घेऊ नका. बोटाचं पहिलं पेर मातीत घाला, कोरडं लागलं तर भरपूर पाणी द्या, खालून निथळू द्या. माझ्याकडे बाल्कनीत एप्रिलमध्ये दिवसाआड, पावसाळ्यात पाच-सात दिवसांनी, हिवाळ्यात चार-पाच दिवसांनी पडतं. तुमचा आकडा वेगळा येईल. टांगत्या प्लास्टिकच्या कुंडीला खाली चिकटवलेली बशी असते, ती काढून टाका. वरून दिसत नाही, पण तिच्यात पाणी साचून राहतं आणि मी पाहिलेल्या निम्म्या झेब्रिना त्या बशीने मारल्या आहेत. फरशी ओली होते म्हणून बशी हवीच असेल, तर पाणी घालताना कुंडी उतरवून मोरीत न्या आणि निथळल्यावर परत टांगा.

याच्या उलटंही होतं. उरुळी कांचन, सोरतापवाडीकडून येणारी रोपं बहुधा नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, असतात. कोकोपीट एकदा ठणठणीत वाळलं की पाणी धरत नाही. वरून घातलेलं कडेने सरळ खाली निघून जातं आणि आपल्याला वाटतं पाणी दिलं. कुंडी उचलून हलकी लागली तर बादलीत वीस मिनिटं बुडवून ठेवा.

करपलेल्या टोकांचं एकच कारण देता येणार नाही. एप्रिलच्या दुपारी पुण्याच्या हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते, त्यात वर पंखा गरगरत असेल तर टोकं करपणारच. सोसायटीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर त्यातल्या क्षारांनीही होतं; कुंडीच्या कडेला पांढरी पूड जमलेली दिसते का बघा. पूड असेल तर महिन्यातून एकदा पिण्याच्या पाण्याने कुंडी धुऊन काढल्यासारखं भरपूर पाणी द्या. पानांवर फवारे मारण्यात अर्थ नाही. दहा मिनिटांत वाळतं आणि डाग तेवढे राहतात.

माती बदलायची तर दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग पोयटा माती, एक भाग गांडूळखत, एक भाग भाताचं तूस किंवा परलाईट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे), वर मूठभर निंबोळी पेंड. मुळं उथळ असतात, पाच-सहा इंच खोलीची कुंडी पुरते. मातीची कुंडी सुंदर दिसते, पण भिजल्यावर जड होते, तेव्हा हुक पीओपीच्या फॉल्स सीलिंगला नव्हे, स्लॅबला मारलेला असू दे.

चहाचा चोथा, तांदळाचं पाणी, अंड्याची टरफलं, यातलं काही घालत असाल तर थांबवा. घरात चिलटं होतात आणि मग लोक चिलटांवर औषध विचारायला येतात. दोन महिन्यांनी, नव्या जागी नवी पानं गडद यायला लागली की महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात एक ग्रॅम १९:१९:१९, तेही द्यायचं असेल तरच.

उन्हाळ्यात पानांच्या मागे बारीक जाळं दिसलं तर लाल कोळी, पेरांच्या बेचक्यात कापसासारखं दिसलं तर पिठ्या ढेकूण. थोडं असेल तर ती फांदी कापून टाका. जास्त असेल तर लिटरला पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

एक शंका मात्र राहते. तुमच्या वेलीची पानं गुलाबी-पांढरी-हिरवी असतील तर ती झेब्रिना नाही, ट्रेडेस्कॅन्शियाचाच दुसरा प्रकार, 'नॅनूक' असेल. तिचंही कापणं-लावणं असंच. फक्त पूर्ण हिरवी पानं असलेला फुटवा आला की तो लगेच बुडापासून काढायचा, कारण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं आणि हिरवी फांदी जोराने वाढून बाकीच्यांना मागे टाकते. पानाच्या वरच्या आणि खालच्या बाजूचा एकेक फोटो टाका म्हणजे नक्की सांगता येईल. आणि हो, खिडकीचाही एक टाका, कुंडीसकट.